नादयंत्राच्या तळघरात

त्र्यंबकशास्त्री शिंत्रे यांच्या एका पायात कोल्हापुरी चप्पल असे आणि दुसऱ्यात साहेबी बूट. दोन्ही पाय एकाच जातीच्या चामड्यात घातले की जमिनीतली वीज अंगात शिरते आणि डोकं तापतं, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी १८८७ साली निवळी संस्थानच्या राजेसाहेबांना भर दरबारात ऐकवलं. दुसऱ्या कुणाला दरबाराने हसून बाहेर काढलं असतं. पण त्याच सकाळी शास्त्रीबुवांनी पेलाभर पाण्यावर पिठाची गिरणी चालवून दाखवली होती, त्यामुळे सगळे गप्प बसले.

त्यांचं यंत्र म्हणजे तांब्याचा एक मोठा पोकळ गोळा. गोळ्यात पेलाभर पाणी ओतायचं, शेजारी बसून तंबोरा छेडायचा, मग शंख फुंकायचा. थोड्या वेळाने गोळा थरथरू लागे आणि त्याला जोडलेलं चाक फिरू लागे. "पाण्याच्या पोटात नाद निजलेला असतो," बुवा सांगत. "त्याला उठवा, तो हत्तीचं काम करील. घागरभर पाणी द्या, पुण्याची आगगाडी कलकत्त्याला नेऊन उभी करतो." असले बुवा तेव्हा साहेबाच्या देशातही कमी नव्हते. कुणी कंपनांवर इंजिन चालवी, कुणी हवेतून वीज काढी, आणि प्रत्येकाला यंत्र पुरं करायला अजून थोडी मुदत हवी असे.

निवळीच्या यंत्राची एक गोष्ट मात्र साहेबाकडे नव्हती. ते चालू असताना गोळ्यातून बाईच्या गाण्याचा बारीक आवाज येई. पंडितांनी कान लावला आणि निर्वाळा दिला की यंत्रात सरस्वती गाते. तेव्हापासून दर खंडेनवमीला निवळीत आधी नादयंत्राची पूजा होते आणि मग बाकीच्या हत्यारांची. हा शिरस्ता २०४३ सालीही चालू होता.

त्या वर्षी डॉ. पराग खांबेटे आपलं स्मृतिवाचक यंत्र घेऊन निवळीत उतरला.

पराग माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तसं वाटेल. पन्नाशी ओलांडलेला, हुशार, कामात बुडालेला. बायको कधीच वेगळी होऊन नागपूरला गेली होती. पुण्याच्या घरात आई आणि धाकटी बहीण अनघा यांच्याबरोबर तो राहत असे, पण पेइंग गेस्टसारखा. त्याने शोधलेला स्मृतिवाचक आता देशभर वापरात होता आणि त्याच्या नावाला वजन होतं.

वाचकाचं तत्त्व सोपं होतं. धातूच्या आत अणू कवायतीच्या पोरांसारखे रांगा धरून उभे असतात. धातूवर जोर पडला की एखादी रांग सरकते आणि आत एक बारीकशी घडी पडते. जोर गेला तरी घडी राहते. नंतरची घडी आधीच्या घडीला ओलांडून जाते, म्हणून कुठली आधीची आणि कुठली नंतरची ते कळतं. शिवाय प्रत्येक घडी पडल्यावर किंचित सैलावते, त्यामुळे दोन झटक्यांत किती वेळ गेला याचाही अंदाज येतो. आजवर या घड्या कुणाला वाचता येत नव्हत्या, परागच्या यंत्राला येत होत्या. धातू भट्टीत लालभडक तापवला तरच ही आठवण पुसली जाई.

परिणाम असा झाला की वस्तूंना खोटं बोलता येईना. पूल कोसळला तर कंत्राटदाराआधी सळई साक्ष देई. जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी धंदे बदलले. कौटुंबिक न्यायालयात लोक दाराच्या कड्या काढून आणू लागले, कुणी किती वेळा आपटलं ते सिद्ध करायला. पराग मुलाखतींत हसून सांगे, "माणसं विसरतात, धातू विसरत नाही."

निवळीचं काम 'नादस्रोत' नावाच्या एका नव्या ऊर्जा कंपनीने दिलं होतं. शास्त्रीबुवांच्या दाव्यात कणभर जरी तथ्य निघालं तरी निवळीत मोठं संशोधन केंद्र उभारायची त्यांची तयारी होती. यंत्राचे विश्वस्त दिनकरराव शिंत्रे, म्हणजे बुवांच्या भावाच्या वंशातले. सत्तरी पार केलेले, ताठ, आणि शास्त्रीबुवांविषयी बोलताना नकळत हात जोडणारे.

"डॉक्टर, लोक आम्हाला हसतात," ते म्हणाले. "ढोंगी होता तुमचा शास्त्री, म्हणतात. तुम्ही काय ते एकदा सांगून टाका. खोटं असेल तर खोटं म्हणा."

 परागने मान हलवली आणि वाचक गोळ्याला लावला.

पडद्यावर जे उमटलं ते पाहून तो खुर्चीत सरळ झाला. गोळ्याने आतून दाब सोसला होता, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. उष्णतेची खूण नव्हती, म्हणजे वाफ नव्हती. झटक्यांची तऱ्हा तर विलक्षण होती. तीन सारखे, एक आखूड, मग किंचित विसावा. पुन्हा तीन सारखे, एक आखूड. कुठला पंप असा चालत नाही. माणसाचा हात असेल का, म्हणून त्याने ताडून पाहिलं. वाचकात मानवी श्रमाचे नमुने होते, हमालांचे, लोहारांचे, तालमीतल्या पहिलवानांचे. माणूस थकत जातो, झटके ढिले पडत जातात. इथे अख्ख्या बैठकीत झटका ढिला पडलाच नव्हता. यंत्राने उत्तर दिलं, मानवी श्रमाशी जुळत नाही.

"म्हणजे?" दिनकररावांनी विचारलं.

"म्हणजे हा कुठल्यातरी नैसर्गिक स्पंदनाचा ठेका असू शकतो," पराग म्हणाला. अंतिम अहवालाआधी असं बोलू नये हे त्याला माहीत होतं. पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर परागलाही ते वाक्य बोलायची हौस आवरली नव्हती. तो आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर दिसत राहिला.

घरी त्या दिवसांत वेगळाच विषय चालू होता, म्हणजे अनघाच्या बाजूने चालू होता. आईला विसरायला होऊ लागलं तेव्हा अनघाने मालवणची नोकरी सोडली होती. समुद्राच्या तळाशी प्रवाळांची रोपवाटिका लावायचं काम होतं तिचं. बुड्या मारून एकेक फांदी खडकावर रोवायची. आता मालवणच्या त्या केंद्राने तिला परत बोलावलं होतं. दसऱ्यापर्यंत हो म्हणाली तर जागा तिची.

आईजवळ परकं माणूस टिकत नसे. मदतनीस बाया आल्या आणि ओचकारे घेऊन गेल्या. सेवायंत्र आणलं, त्याला आईने पाट फेकून मारला. घरचंच कुणीतरी लागे, आणि घरचं म्हणजे आजवर अनघा.

"दादा, दसरा जवळ आला," ती एका रात्री जेवताना म्हणाली.

"अगं, निवळीचा अहवाल होऊ दे. मग आईला मी बघतो."

"मागच्या वेळी पुलाचा अहवाल होता."

"हे मोठं आहे गं, अनघा. हे खरं निघालं तर—"

"तुझं सगळंच मोठं असतं," ती म्हणाली आणि आईच्या ताटातली पोळी कुस्करू लागली. परागला वाईट वाटलं. वाईट वाटणं त्याला जमत असे. ते हात धुवेपर्यंत टिके.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिवाणखान्यात बसून निवळीचे झटके ऐकत होता. घड्यांचं रूपांतर त्याने ठोक्यांत केलं होतं, कारण कानाला कधी कधी डोळ्यापेक्षा जास्त कळतं. धम्, धम्, धम्, ठक्. धम्, धम्, धम्, ठक्. अनघा आईला उन्हात बसवून गेली होती. आई खिडकीकडे बघत होती, नेहमीसारखी रिकामी.

थोड्या वेळाने आईचा उजवा हात मांडीवरून उठला. मूठ वळली आणि हवेत गोल फिरू लागली. कंबर डुलू लागली. मग कित्येक महिन्यांत धड वाक्य न बोललेल्या त्या बाईने चक्क गायला सुरुवात केली.

"हात दांड्याला गं,
कान दाराला गं,
डोळा वाटेला गं,
येई भाऊ."

चौथा चरण आखूड. तिथे तिने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक चरण ठोक्यावर अचूक पडत होता.

"आई, हे काय?" पराग ओरडलाच.

"दळण," आई म्हणाली. "आईबरोबर." पुढे तिला काही आठवेना आणि हात मांडीवर पडला.

ओवी! साडेतीन चरणांची, जात्यावरची ओवी. परागने ओवी शाळेत पाठ केली होती, पण दळण कधी दळलं नव्हतं. त्याने वाचकाला शिकवलेला थकवा हमालांचा आणि पहिलवानांचा होता. पहाटेपासून दळणाऱ्या बाया आपला जोर श्वासात बांधून घेतात, चरणागणिक थोडा, शेवटी विसावा. त्यांचा थकवा झटक्यात उमटत नाही. असल्या बाईचा एकही नमुना त्याने यंत्रात घातला नव्हता, घालायचं सुचलंच नव्हतं. सरस्वती गात होती हे मात्र खरं होतं. तिला कुठेतरी खाली बसवलेलं होतं.

तो तडक निवळीला गेला. गोळ्यापासून एक तांब्याची नळी खालच्या खांबाच्या आतून जमिनीत गेली होती. विजेपासून रक्षण व्हावं म्हणून, असं सगळे समजत. परागने नळीचा माग काढला तो तळघराच्या बुजवलेल्या कोपऱ्यापर्यंत. विटा काढल्यावर लोखंडी दांड्याचा एक हवेचा पंप निघाला. दांडा हाताच्या घामाने गुळगुळीत झाला होता. वाचकाने पाच मिनिटांत सांगितलं की वरच्या गोळ्याचा प्रत्येक झटका इथून गेला होता. एकाच व्यक्तीचा हात, बसून मारलेला, सुरुवातीला जवळजवळ लहान मुलीच्या ताकदीचा, शेवटी म्हातारीच्या.

दिनकररावांनी दांड्यावरून बोट फिरवलं.

"आक्का," ते म्हणाले.

"कोण आक्का?"

"शास्त्रीबुवांची धाकटी बहीण, सगळे आक्काच म्हणत. नवव्या वर्षी विधवा झाली, मग माहेरीच. खंडेनवमीला आमच्याकडे तळघराच्या दाराशी एक पान वाढतात. शास्त्रीबुवा मरताना सांगून गेले म्हणे, आक्काचं पान चुकवू नका. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "डॉक्टर, म्हणजे त्याला कळत होतं."

"कळत होतं," पराग म्हणाला.

"आणि तरी जन्मभर बसवली तिला इथे."

 फुकटच्या शक्तीचा शोध लावायला निघालेल्या त्या विक्षिप्त माणसाला शक्ती फुकट मिळतच होती, घरातल्या घरात. यंत्र सुधारायला अजून थोडी मुदत, एवढंच तो तिला सांगत राहिला असेल. आक्का, अजून एकच वर्ष. आक्का, रेसिडेंटसाहेब येऊन जाऊ देत. हे शब्द परागला ओळखीचे वाटले.

खंडेनवमीला गाव जमला तेव्हा त्याने सगळं सांगितलं. आपण घाईने चुकीचं बोललो हेही सांगितलं. लोक आधी चिडले, मग कुजबुजले. 'नादस्रोत'चा तरुण अधिकारी गाडीत बसून निघून गेला. दिनकररावांनी मात्र झेंडूची माळ गोळ्यावरून काढली, काठी टेकत तळघराच्या पायऱ्या उतरले आणि ती पंपाच्या दांड्याला घातली. बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला. परागला वाटलं, आपण चांगलं काम केलं.

हे वाटणंच त्याला घरी घेऊन आलं आणि त्यानेच घात केला.

अनघा स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. आई झोपली होती. आईच्या पलंगाला बाजूने पोलादी दांडा होता, तिला उठवताना धरायचा. परागच्या पिशवीत वाचक होता. त्याने फार विचार केला नाही. दांड्याला वाचक लावला.

पहिल्या वर्षापासूनचं सगळं तिथे होतं. रोजची उचल, रोजची बसवणूक, कुशीवर वळवणं. ओढ एकाच माणसाची. आधी उजव्या हाताची, गेल्या दोन वर्षांत डाव्याची, म्हणजे उजवा खांदा गेला होता. हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हाताची ओढ शोधायला त्याला बरंच खाली जावं लागलं, आणि सापडली ती अनघाला ताप आला होता त्या आठवड्यातली.

मग त्याला दुसरं काहीतरी दिसलं. उचलण्याशी संबंध नसलेले ठोके. आखूड, टणक, एकाच जागी. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचं कपाळ जिथे येईल, बरोब्बर तिथे. कुणीतरी दांड्यावर डोकं आपटून घेत होतं. एकदा नाही. अलीकडे तर वरचेवर.

"काय करतोयस?"

अनघा दारात उभी होती. तिची नजर वाचकावरून पडद्यावर गेली. तिला ते वाचायला शिकवायची गरज नव्हती, त्याच्याच घरात राहत होती ती.

"अनघा, हे कधीपासून..."

"काढ ते."

"मला कळायला हवं होतं. मी फार मोठी चूक—"

"लोखंडाला विचारलंस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच परागला धडकी भरली. "मी भिंतीपलीकडे होते, दादा. कालही होते. सहा वर्षं होते. मला नाही विचारलंस. लोखंडाला विचारलंस."

"तू बोलली नाहीस कधी."

"बोलले की. तुझे अहवाल चालू असायचे. आणि हे," तिने पडद्याकडे बोट केलं, "हे तर कुणाला सांगायचंच नव्हतं मला. एवढं एकच माझं होतं या घरात. तेही वाचून झालं तुझं."

परागने वाचक काढला.  आपण चोरी करताना सापडलो आहोत असं त्याला वाटलं, आणि ते तसंच होतं.

"तू जा मालवणला," तो म्हणाला. "आजच कळव त्यांना. आईचं मी करीन."

"कळवलंय. तू निवळीला भाषण करत होतास तेव्हा." तिने ओढणीने हात पुसले. "आणि 'तू जा' म्हणू नकोस. मी तुझ्या परवानगीसाठी थांबले नव्हते. तुझी लाज वाटेल म्हणून थांबले होते. आपला भाऊ असा आहे, हे मला मान्य करायचं नव्हतं."

दसऱ्याला तिने सोनं दिलं, आईला वाकून नमस्कार केला आणि दुपारच्या गाडीने गेली. आईला कसं उठवायचं, औषध कशात कालवायचं, चिडली की काय करायचं, परागने सगळं विचारून घ्यायचा प्रयत्न केला. "आईच शिकवेल," अनघा म्हणाली. "मारेल, ओरडेल, पण शिकवेल. मला तिनेच शिकवलं." रिक्षात बसताना तिने मागे वळून पाहिलं ते आईच्या खिडकीकडे.

पराग पहिल्या आठवड्यात दोनदा ओचकारला गेला. कामाचे फोन येत होते आणि तो ते घेत नव्हता. अनघाने एक फोटो पाठवला, निळ्याशार पाण्याखाली खडकावर रोवलेली इवलीशी गुलाबी फांदी. खाली मजकूर नव्हता. त्याने तो आईला दाखवला. आईने फोनचा पडदा चाटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

एका दुपारी तिला बसवताना त्याने दांडा चुकीच्या बाजूने धरला आणि ती घसरली. घाबरून किंचाळली, पेजेचा वाडगा त्याच्या सदऱ्यावर उपडा झाला. त्याने पुन्हा पेज केली, गार केली, स्टूल ओढून तिच्याजवळ बसला. ती शांत झाली होती. त्याच्याकडे निरखून बघत होती.

"तुम्ही नवीन का हो?" तिने विचारलं.

"हो."

"आधीची मुलगी?"

"तिला दुसरं काम लागलं. समुद्रावर."

"बरं झालं. थकली होती." आईने एक घास घेतला, गिळला. मग त्याच्याकडे झुकून, कुणी ऐकत नाही ना असं बघत हळूच म्हणाली, "मला एक मुलगाही आहे."

परागच्या हातातला चमचा थांबला. "कुठे असतो तो?"

"इथेच की. त्या पलीकडच्या खोलीत." तिने भिंतीकडे हात केला. "पण त्याला हाक मारू नका हं. काही झालं तरी मारू नका. त्याचं काम मोडतं."

"नाही मारत," पराग म्हणाला, आणि पुढचा चमचा फुंकून त्याने तिच्या ओठांशी नेला.